मेल्याचे सोंग आणि खरा आजार

जून 2025 मध्ये मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभागाने थायलंडहून आलेल्या प्रवाशांच्या सामानातून दोनदा जिवंत साप बाहेर काढले. महिन्याच्या सुरुवातीला सापडले ते विषारी होते, त्यांतले बहुतेक इंडोनेशियातले पिट व्हायपर. अखेरीस सापडलेल्या 16 सापांमध्ये उत्तर अमेरिकेतला गार्टर होता, पूर्व आफ्रिकेतला केनियन सँड बोआ होता. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने याच विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडून बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक पकडले होते. या बातम्या तस्करीच्या म्हणून छापल्या गेल्या आणि ते बरोबरच आहे. पण त्यांत एक प्रश्न राहून गेला. हे साप पकडले गेले नसते आणि ठाण्याच्या किंवा पुण्याच्या एखाद्या फ्लॅटमध्ये पोहोचले असते, तर तिथे ते निरोगी राहिले असते का?

याचे उत्तर हवे तर हा छंद जिथे रुजला तिथे, म्हणजे अमेरिकेत आणि युरोपात जावे लागते. तिथे साप पाळणे हा कुत्र्या-मांजरांखालोखाल नव्हे, पण चांगलाच मोठा व्यवहार आहे. त्यासाठी स्वतंत्र दुकाने आहेत, सापांची प्रदर्शने भरतात, गोठवलेले उंदीर पाकिटात मिळतात. या बाजारातला एक लाडका साप म्हणजे वेस्टर्न हॉगनोज. त्याच्यावरून हा सगळा प्रश्न नीट समजतो, कारण या सापाचे निसर्गातले वागणेच असे आहे की आजारी कोण आणि सोंग कोणाचे, हे पाहणाऱ्याला चटकन कळत नाही.

हॉगनोज म्हणजे डुकरासारखे नाक असलेला. नाकाच्या टोकाचा खवला वर वळलेला असतो आणि त्याचा उपयोग फावड्यासारखा होतो. कॅनडाच्या दक्षिण भागापासून अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांतून उत्तर मेक्सिकोपर्यंत, वाळूच्या आणि भुसभुशीत जमिनीत हा साप राहतो. आपल्याकडचे मांडूळ जसे मातीत शिरते तसा हाही शिरतो, फक्त अंगाने बराच लहान. नर साधारण हात-दीड हात लांब, मादी त्याहून लांब आणि वजनाने कितीतरी भारी. भेकाची पिल्ले, बेडूक, सरडे, सरपटणाऱ्यांची अंडी, छोटे उंदीर हा त्याचा आहार.

शत्रू समोर आला की तो मान चपटी करतो. आपल्या लोकांनी पाहिले तर नागच म्हणतील. मग जोरात फुत्कारतो, तोंड मिटून खोटेच डोके आपटतो. एवढ्याने भागले नाही तर उताणा पडतो, तोंड वासतो, जीभ बाहेर लोंबकळते, अंगाला दुर्गंधी सुटते. कोणी त्याला उचलून पालथे केले तर पुन्हा उताणा होतो, जणू मेलेल्या सापाने उताणेच असले पाहिजे अशी त्याची ठाम समजूत आहे. या नाट्यात त्याचा पूर्वेकडचा भाऊ, ईस्टर्न हॉगनोज, अधिक तरबेज. पण पाळला जातो तो बहुतेक वेस्टर्नच, कारण पूर्वेकडचा भाऊ भेकांवाचून फारसे काही खात नाही.

आता गंमत अशी की माणसाच्या सहवासात वाढलेला हॉगनोज काही दिवसांत हे सोंग सोडून देतो. रोज दिसणाऱ्या हाताची त्याला भीती राहत नाही. त्यामुळे दोन-तीन वर्षे घरात असलेला साप एके दिवशी तोंड उघडे टाकून पडलेला दिसला, तर ‘नाटक करतोय’ म्हणून व्हिडिओ काढत बसू नये. बहुधा त्याला श्वास घेता येत नसतो.

साप आजार अंगावर काढतो. सगळेच वन्य प्राणी तसे करतात, कारण दुबळेपणा दिसला की कोणीतरी त्याचा घास करणार. त्यातून सापाला आवाज नाही, चेहऱ्यावर भाव नाहीत, पापण्या नाहीत. तो आठवडाभर हलला नाही तरी पोट भरलेला आहे की दुखणे विकोपाला गेले आहे, हे बाहेरून कळणार नाही. म्हणूनच सरपटणाऱ्या प्राण्यांचे पशुवैद्य पहिल्या भेटीत सापापेक्षा त्याच्या पेटीबद्दल जास्त विचारतात. पेटीची गरम बाजू किती अंशांवर आहे, थंड बाजू किती, हवेत दमटपणा किती, खाली काय पसरले आहे, शेवटचे खाणे कधी झाले, वजन किती होते. मालकाला यातले निम्मे सांगता आले नाही, की निदानाचे निम्मे काम तिथेच झालेले असते. पाळीव हॉगनोजचे बहुतेक आजार सापात सुरू होत नाहीत, पेटीत सुरू होतात.

उष्णतेचेच पाहा. साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. पेटीची एक बाजू साधारण 30 ते 32 अंश सेल्सिअस आणि दुसरी 22 ते 24 अंश अशी ठेवली की तो गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो आणि स्वतःचा ताप-थंडावा स्वतः सांभाळतो. ही मुभा काढून घेतली की पहिला घाव पचनावर बसतो. थंड पेटीत गिळलेला उंदीर पोटात पचण्याऐवजी सडू लागतो आणि दोन-तीन दिवसांनी तो तसाच बाहेर येतो. घाबरून मालक लगेच दुसरा उंदीर देतो, तोही उलटतो. दोन ओकाऱ्यांत लहान पिल्लाचा जीव जाऊ शकतो. पथ्य उलटे आहे. आधी तापमान तपासायचे, पाणी ठेवायचे, दहा ते चौदा दिवस काही द्यायचे नाही आणि मग नेहमीपेक्षा लहान घास देऊन पाहायचा.

दुसऱ्या टोकाला भाजणे. पेटीखाली ठेवायच्या गरम पट्ट्या मिळतात. त्यांना थर्मोस्टॅट जोडला नाही तर काच किंवा प्लास्टिक 45-50 अंशांपर्यंत सहज तापते. हॉगनोजला खणायची सवय, त्यामुळे तो भुसा बाजूला सारून थेट तापलेल्या तळावर जाऊन बसतो. अंगाखालून येणाऱ्या चटक्यापासून साप झटकन दूर होत नाही, पोटाचे खवले भाजून निघेपर्यंत तिथेच राहतो. ही जखम भरायला महिने लागतात. थर्मोस्टॅट पेटीपेक्षा महाग वाटतो म्हणून बरेच जण तो नंतर घेऊ म्हणतात. माझ्या मते ज्याला थर्मोस्टॅट परवडत नाही त्याला साप परवडत नाही.

श्वसनाचा आजार याच्याशीच जोडलेला आहे, आणि तो सगळ्यात फसवा. सापाला श्वासपटल नसते, त्यामुळे आपल्यासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. बहुतेक सापांत कामाचे फुप्फुस एकच, उजवे. त्यात स्राव साचला की निचरा होत नाही. थंड आणि ओलसर पेटीत जिवाणूंना हेच हवे असते. लक्षणे उशिरा दिसतात. नाकपुडीशी बुडबुडा, श्वास घेताना टिचटिच आवाज, तोंड उघडून वर मान करून बसणे. हॉगनोज एरवीही फुत्कारतो, त्यामुळे आवाजाकडे दुर्लक्ष होते. फरक असा की धमकीचा फुत्कार तुम्ही जवळ गेल्यावर येतो. आजाराचा आवाज कोणी जवळ नसतानाही येत राहतो. इथे घरगुती उपाय नाहीत. पशुवैद्य स्रावाचा नमुना तपासून प्रतिजैविक ठरवतो, आणि पेटी गरम केल्याशिवाय तेही नीट लागू पडत नाही, कारण सापाची प्रतिकारशक्तीसुद्धा तापमानावर चालते.

दमटपणाचे गणित या सापाच्या बाबतीत नेमके आहे. गवताळ, कोरड्या मैदानातला प्राणी असल्याने त्याला 30 ते 50 टक्के आर्द्रता पुरते. त्याहून बरीच कमी झाली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला जुन्या कातेची कडी राहते, रक्तपुरवठा तुटून टोक काळे पडते. डोळ्यांवरचा पारदर्शक खवला अडकून राहिला तर तो नखाने किंवा चिमट्याने काढू नये, डोळाच जायचा. एका कोपऱ्यात ओलसर शेवाळ भरलेली डबी ठेवली की काम होते. उलट सगळी पेटीच ओली राहिली तर पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात, मग ते चिघळतात. खाली पसरायला अॅस्पेन झाडाचा भुसा चांगला, तोही निदान तीन-चार बोटे जाड, म्हणजे खणता येते. देवदाराच्या जातीचा सुगंधी भुसा मात्र नको. आपल्याला जो वास आवडतो त्यातली तेले सापाच्या श्वासमार्गाला झोंबतात.

खाण्याविषयी इतके गैरसमज आहेत की त्यावर वेगळा लेख होईल. पाळीव हॉगनोजला उंदीर देतात. पिल्लांना दर पाच-सात दिवसांनी नुकते जन्मलेले, प्रौढांना आठवड्या-दोन आठवड्यांनी एखादा. उंदीर मेलेला, गोठवून मग कोमट केलेला हवा, कारण जिवंत उंदीर सापाला चावतो आणि त्या जखमा वाईट असतात. पण अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला निसर्गाने उंदीर शिकवलेला नसतो, त्याला भेक आणि सरडा ठाऊक. मग पाळणारे उंदराला माशाचा किंवा बेडकाचा वास लावून त्याला फसवतात. काही पिल्ले तरीही खात नाहीत. विकत घेणाऱ्याने सापाचा रंग विचारण्याआधी ‘याने सलग किती वेळा, वास न लावता खाल्ले आहे’ हे विचारावे. विक्रेत्याकडे त्याची लिखित नोंद नसेल तर परत फिरावे.

प्रौढ नर मात्र विणीच्या काळात किंवा हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे लंघन करतो आणि मालकाची झोप उडवतो. इथे वजनकाटा कामाला येतो. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्यावा, तो फक्त सापासाठी ठेवावा, आणि दर पंधरा दिवसांनी ग्रॅममध्ये वजन लिहावे. साप खात नाही पण वजन टिकून आहे, तर थांबायला हरकत नाही. वजनाचा दहावा हिस्सा गेला, तर ते लंघन राहिले नाही.

उलट बाजूही आहे आणि ती कमी बोलली जाते. पाळीव हॉगनोज उपाशी मरण्यापेक्षा अति खाऊन आजारी पडण्याची शक्यता मोठी. हाताला चटकन खाणारा साप आवडतो, म्हणून माद्यांना भरवतात. शिवाय मादी लवकर मोठी झाली की अंडी लवकर, पिल्ले लवकर, पैसे लवकर. अशा लठ्ठ किंवा अपुऱ्या वयाच्या माद्यांत अंडी आत अडकतात, यकृतावर चरबी साचते. हॉगनोजचे रंगीत वाण हा त्या बाजाराचा कणा आहे. पिवळट-पांढरे अल्बिनो, ठिपके कमी असलेले ‘अॅनाकोंडा’, दोन्ही पालकांकडून तोच गुण आल्यावर जवळजवळ एकरंगी होणारे ‘सुपरकोंडा’. मूठभर सापांतून एखादा रंग पक्का करायचा तर नात्यातल्या सापांचीच जोडी लावावी लागते. रंग-नक्षीमागे धावण्याचे परिणाम बॉल पायथनच्या ‘स्पायडर’ या वाणात सगळ्यांनी पाहिले. त्या नक्षीबरोबरच डोके डुगडुगण्याचा आणि तोल जाण्याचा दोष येतो, आणि ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत तो वाण विकायला बंदी केली. हॉगनोजमध्ये तसा एखादा ठळक दोष पुढे आलेला नाही, पण रंगामागे धावण्याची रीत तीच आहे.

आता संसर्गाकडे. गोचिडीसारखे बारीक काळे किडे खवल्यांखाली आणि डोळ्यांभोवती दिसतात, पाण्याच्या भांड्यात बुडालेले सापडतात. ते रक्त पितात, पण वेळेवर लक्षात आले तर आटोक्यात येतात. कुत्र्याचे औषध मात्र सापाला फवारू नये. खरी भीती दोन आजारांची. पहिला क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीचा. जठराची आतली भिंत सुजते, पोटाच्या मध्यावर गाठ आल्यासारखे दिसते, साप खातो आणि ओकतो, वाळत जातो. सापांतल्या या आजारावर खात्रीचा इलाज नाही. विष्ठेतून पसरणारी त्याची कवचधारी बीजे नेहमीच्या ब्लीचला दाद देत नाहीत, त्यामुळे एका सापाकडून दुसऱ्या पेटीत तो हातावरून जातो. दुसरा आजार ओफिडिओमायसेस या बुरशीचा. नाकावर, हनुवटीवर पिवळट खपल्या, सुजलेला चेहरा, वारंवार कात टाकणे. 2008 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रॅटलस्नेकच्या एका दुर्मीळ जातीत हा रोग लक्षात आला आणि त्यानंतर पूर्व अमेरिकेतल्या अनेक जातींच्या रानटी सापांत सापडला. पुढे युरोपातल्या रानटी सापांतही. पाळीव सापांतही ही बुरशी आढळते. नवा साप आणला की त्याला दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्या-चिमट्यांसह ठेवण्याचा नियम याचसाठी आहे, आणि नेमका तोच पहिल्यांदा मोडला जातो.

माणसाच्या तब्येतीचे दोन मुद्दे सुटता कामा नयेत. हॉगनोजला मागच्या दातांशी जोडलेल्या ग्रंथी असतात आणि त्यांतला स्राव सौम्य विषारी असतो. चावून लगेच सोडले तर सहसा काही होत नाही. पण हाताला उंदराचा वास असला की तो हातालाच भक्ष्य समजून धरतो आणि चघळत राहतो. मग कोपरापर्यंत सूज, निळसरपणा, फोड असे होऊ शकते. रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्याची नोंदही अमेरिकेतल्या वैद्यकीय साहित्यात आहे. मृत्यूची नोंद नाही. यावर प्रतिविष कुठेच बनत नाही. आपल्याकडचे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यासाठी आहे, ते इथे कामाचे नाही. तेव्हा खाऊ चिमट्याने द्यावा, चावलाच तर लवकर सोडवावे, अंगठी काढावी, सूज वाढली तर डॉक्टरकडे जावे आणि कोणता साप ते स्पष्ट सांगावे. दुसरा मुद्दा साल्मोनेलाचा. हे जिवाणू सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात त्यांना त्रास न देता राहतात. याच कारणाने अमेरिकेने 1975 मध्येच चार इंचांपेक्षा लहान कासवे विकायला बंदी केली होती, कारण मुले ती तोंडात घालत. गोठवलेल्या उंदरांतूनही तिथे साथी पसरल्या आहेत, गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत. घरात पाच वर्षांखालचे मूल, 65 च्या पुढचे आजी-आजोबा किंवा केमोथेरपी चालू असलेले कोणी असेल तर साप नको, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये नातवंडांच्या हौसेखातर साप घरात आला असेल आणि इथून आजी-आजोबा सहा महिने राहायला जाणार असतील, तर हा सल्ला त्यांच्याही घरचा आहे. सापाचे भांडे ओट्याच्या सिंकमध्ये धुऊ नये, एवढे तरी पाळावे.

आता मूळ प्रश्नाकडे. समजा असा एखादा हॉगनोज पाकिटात गुंडाळून ठाण्यापर्यंत आला. प्रवासात त्याला पाणी मिळालेले नाही, बरोबर आणखी चार जातींचे साप एकाच बॅगेत होते, म्हणजे वेगळे ठेवण्याचा नियम निघण्याआधीच मोडला. जुलैमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते, या सापाला हवी त्याच्या दुप्पट. एसी लावावा तर खोली थंड पडते, मग पेटीला वेगळी उष्णता द्यावी लागते, ती पुरवणारी यंत्रणा वीज गेली की बंद. फोड आले, श्वास लागला, तर उघडपणे पशुवैद्याकडे न्यायची सोय नाही, कारण साप कुठून आणला याचे उत्तर नाही. अमेरिकेत मालकाला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यांच्या संघटनेच्या यादीतून जवळचा डॉक्टर शोधता येतो. चोरून आणलेल्या सापाचा मालक अनोळखी माणसाच्या सल्ल्यावर औषधाची मात्रा ठरवतो.

कायद्याची बाजू अशी. भारतातले कोणतेही साप घरात पाळता येत नाहीत. परदेशी प्राण्यांसाठी 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात चौथी अनुसूची आली आणि फेब्रुवारी 2024 च्या नियमांनी त्यांतल्या प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ या पोर्टलवर करणे बंधनकारक झाले. पण ही अनुसूची सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांवर बेतलेली आहे. बॉल पायथन त्यात येतो. वेस्टर्न हॉगनोज त्या याद्यांत नाही, कारण निसर्गात तो व्यापारामुळे धोक्यात आलेला नाही. परवान्याशिवाय आणणे गुन्हाच, पण एकदा आत आलेल्या हॉगनोजची नोंद ठेवायला ही व्यवस्था बनलेलीच नाही. संवर्धनाच्या दृष्टीने यादी बरोबर आहे. रोगाच्या दृष्टीने तिला भोक आहे, कारण बुरशी आणि परजीवी सायटिसची यादी वाचून येत नाहीत. अशा नोंद नसलेल्या सापाबरोबर ते आले आणि आपल्या धामण-दिवडांत पोहोचले, तर ते कोणत्या दाराने आत आले हे शोधायला आपल्याकडे कागदाचा एक चिठोराही नसेल.

कुणाच्या घरात असा साप आलाच असेल, तर आरे किंवा येऊरच्या झाडीत नेऊन सोडणे हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, सापासाठीही आणि तिथल्या सापांसाठीही. वन विभागाला कळवावे. तोवर पेटी कोरडी ठेवावी, एका बाजूला ऊब द्यावी, स्वच्छ पाणी ठेवावे, घरातल्या इतर प्राण्यांपासून दूर ठेवावे आणि शेवटचे खाणे कधी झाले ते कागदावर लिहून सोबत द्यावे.